होलोकॉस्टमधून वाचलेल्या मुलांच्या आठवणी खेड्यातल्या वर्गात कशा वाचाव्यात

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेत मी नवव्या आणि दहाव्या वर्गाला मराठी व इतिहास शिकवते. दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, प्रजासत्ताक दिनाची कवायत आणि भाषणे आटोपली की, मी मुलांसोबत तीन तासिका होलोकॉस्टमधून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने केलेल्या यहुद्यांच्या संहारातून, वाचलेल्या मुलांच्या आठवणी वाचते. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य पोलंडमधील आउश्वित्झच्या नाझी छावणीत पोहोचले आणि २००५ साली संयुक्त राष्ट्रांनी तोच दिवस या संहाराच्या स्मरणासाठी ठरवला, त्यामुळे तारीखही जुळून येते. आसपासच्या शाळांतील काही शिक्षक हे वाचन कसे करावे म्हणून विचारतात. तोंडी सांगताना नेमके महत्त्वाचे तेच राहून जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या वर्षी हे काम मी चुकीच्या रीतीने केले, ते आधी सांगते. छावण्यांतील प्रेतांच्या राशींची छायाचित्रे छापून मी फळ्यावर चिकटवली होती, आकडे मोठ्या अक्षरांत लिहिले होते, आणि शेवटी काही तरी धीराचे बोलावे म्हणून ‘देव माणसाची परीक्षा पाहत असतो’ असे वाक्य टाकून मी तास संपवला. मधल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील त्याच वर्षीच्या खरिपात, बोंडअळीने पऱ्हाटी हातची गेल्यावर, फवारणीचे औषध पिऊन गेले होते. तो म्हणाला, “मॅडम, मंग माह्या बाबाची बी परीक्षाच पायली का त्यानं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी ‘बस खाली’ म्हणाले आणि घंटेची वाट पाहत राहिले. पुढे जे लिहिले आहे, ते सगळे त्या ‘बस खाली’पासून दूर जाण्याच्या प्रयत्नातून आलेले आहे.

शिक्षकाची स्वतःची तयारी

वर्गात जाण्यापूर्वी काही गोष्टी शिक्षकाच्या मनात पक्क्या असाव्यात. नाझी राजवटीने आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख यहुदी माणसे मारली, त्यांत सुमारे १५ लाख मुले होती. एकट्या आउश्वित्झमध्ये सुमारे ११ लाख माणसे मारली गेली आणि त्यांतली सुमारे १० लाख यहुदी होती. तिथे आणल्या गेलेल्या मुलांची संख्या दोन लाखांच्या वर होती. सुटकेच्या दिवशी छावणीत जिवंत सापडलेली मुले सातशेच्या आसपास. गाडीतून उतरल्याबरोबर फलाटावरच निवड होत असे. काम करू शकणारे एका बाजूला, आणि लहान मुले, म्हातारी माणसे व कडेवर मूल असलेल्या बहुतेक आया दुसऱ्या बाजूला, म्हणजे थेट गॅस चेंबरकडे. म्हणून जी मुले वाचली त्यांतली पुष्कळशी वयाने थोडी मोठी होती, किंवा त्यांनी वय वाढवून सांगितले होते, किंवा ती छावणीबाहेर कुणाच्या तरी घरात, मठात, शाळेत लपवलेली होती. मुलांच्या हातून निसटलेल्या बालपणाविषयी बोलायचे तर सुरुवात इथूनच होते, कारण जगण्यासाठी त्यांना पहिली गोष्ट शिकावी लागली ती वयाविषयी खोटे बोलणे.

आकडे पहिल्या तासिकेत देऊ नयेत. ते शेवटच्या दिवशी द्यावेत, आणि देताना जवळच्या मापाने द्यावेत. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाखांहून थोडी अधिक होती. मारल्या गेलेल्या मुलांची संख्या तिच्या निम्म्याहून जास्त भरते. एवढे सांगून थांबावे.

आणखी एक घोळ आधीच मिटवून घ्यावा. महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आणि जामनगरजवळ बालाचडी येथे पोलंडमधून आलेली मुले व कुटुंबे राहिली होती, हे अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचलेले असते, आणि ती यहुदी होती असा समज करून घेतला जातो. ती माणसे मुख्यतः पोलिश कॅथलिक होती आणि त्यांना सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हद्दपार केले होते. त्यांचे दुःख खरेच होते, पण ही कहाणी निराळी आहे.

शब्दांकडे लक्ष

या विषयात मराठी शब्द जपून वापरावे लागतात, आणि माझ्या मते अर्धे काम तिथेच होते. ‘होलोकॉस्ट’ हा शब्द मुळात ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ देवाला पूर्णपणे जाळून अर्पण केलेला बळी. याच कारणाने अनेक यहुदी तो शब्द टाळतात आणि ‘शोआ’, म्हणजे घोर विनाश, हा हिब्रू शब्द वापरतात. मारल्या गेलेल्यांना कुणी कुणासाठी अर्पण केले नव्हते. आपल्या मराठीत मात्र बळी, आहुती, यज्ञ, होम हे शब्द जिभेवरच असतात. ‘साठ लाखांचा बळी गेला’ हे वाक्य सहज लिहिले जाते, जसे ‘कर्जाचा बळी’ हा मथळा आपल्याकडे सहज छापला जातो. हा शब्द फळ्यावर लिहून मुलांनाच विचारावे: बळी कोण देतो, कुणाला देतो, आणि ज्याचा देतात त्याला विचारतात का? मुले पोळ्याच्या आणि जत्रेच्या अनुभवावरून बोलू लागतात, आणि थोड्या वेळाने त्यांचे त्यांनाच कळते की इथे ‘मारले’ असेच म्हणायला हवे. ‘हुतात्मा’ हा शब्दही इथे चालत नाही, कारण चार वर्षांच्या मुलाने कोणत्याही ध्येयासाठी प्राण दिलेला नसतो.

दुसरी जोडी श्रद्धा, विश्वास आणि भरवसा या शब्दांची. मराठीत हे वेगवेगळे शब्द आहेत ही आपली सोय आहे. तिचा उपयोग करावा. श्रद्धा देवावर असते, विश्वास माणसावर असतो, आणि भरवसा रोजच्या रीतीवर असतो, म्हणजे उद्या शाळा उघडेल, पाटील ओळख दाखवतील, पोलीस उगीच मारणार नाही, आई संध्याकाळी घरी असेल. या मुलांचे तिन्ही गेले, पण एकाच वेळी गेले नाही आणि प्रत्येकाचे तिन्ही गेलेच असेही नाही. भरवसा बहुधा सर्वांत आधी गेला. हंगेरीतून १९४४ च्या मे ते जुलै या आठ आठवड्यांत सुमारे ४ लाख ४० हजार यहुदी हद्दपार झाले, आणि त्यांना घरांतून काढून गाड्यांत कोंबण्याचे काम मोठ्या प्रमाणात हंगेरीच्याच पोलीस दलाने केले. त्यांच्या डोक्यावरची टोपी त्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली होती. मुलांच्या वहीत तीन रकाने आखून द्यावेत आणि आठवण वाचताना काय कुठे मोडले ते तिथे लिहायला सांगावे.

यहुदी कोण, हे सांगण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची घरची भाषा मराठी. तेल गाळण्याचा धंदा करणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली जात. आमच्या वर्गात तेली समाजाची मुले बरीच आहेत. शनिवारी घाणा बंद असतो म्हटल्यावर त्यांना ती माणसे लगेच ओळखीची वाटू लागतात, आणि पुढच्या आठवणीत शब्बाथचे, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे आले की ते परके राहत नाहीत.

कोणाच्या आठवणी निवडाव्यात

एकाच मुलाची आठवण वाचली तर वर्ग समजतो की सगळ्यांचे असेच झाले. चार-पाच घेतल्या तर कुणीच लक्षात राहत नाही. मी तीन घेते, आणि त्यांतल्या एकीला सगळ्यात जास्त वेळ देते.

ती एली वीझेल यांची. त्यांचा जन्म ३० सप्टेंबर १९२८ चा, सिगेत गावचा. हे गाव तेव्हाही आणि आजही रोमानियात, पण १९४० ते १९४४ या काळात हंगेरीत होते. मुलगा अतिशय देवभोळा होता, तालमूद या धर्मग्रंथाचा अभ्यास करणारा, प्रार्थनेत डोळे भरून येणारा. १९४४ च्या मे महिन्यात त्याचे कुटुंब आउश्वित्झला नेले गेले, आणि आई व सर्वांत धाकटी बहीण पहिल्याच रात्री त्याच्यापासून तुटल्या त्या कायमच्या. फलाटावर एका कैद्याने कुजबुजून सांगितले म्हणून पंधरा वर्षांच्या या मुलाने आपले वय अठरा सांगितले. पुढे बुना येथील कामाच्या छावणीत यहुदी नववर्षाचा दिवस आला. हजारो कैद्यांनी मैदानात उभे राहून प्रार्थना म्हटली, पण या मुलाच्या तोंडून ती निघेना. देवासमोर तो आरोपी म्हणून नव्हे तर आरोप करणारा म्हणून उभा होता. नंतर योम किप्पूर आला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत कडक उपवासाचा दिवस. त्या दिवशी तो जेवला. एक कारण असे की वडिलांनी उपवास करू दिला नाही, आणि दुसरे असे की देव गप्प बसला आहे हे त्याला आता मान्य नव्हते.

हा उपवासाचा प्रसंग वाचताना थांबावे, कारण आमच्या मुलांना उपवास कळतो. आषाढी एकादशीला घरात कुणी भात-भाकरी खात नाही, महाशिवरात्रीला दिवसभर पाणी पिऊन राहणारी आजी असते, रोजे धरणारे शेजारी असतात. जाणूनबुजून उपवास मोडणे किती मोठे असते, हे सांगावे लागत नाही. एका वर्षी वर्गातल्या एका मुलीने विचारले, “तो उपाशीच व्हता ना रोज, मंग उपास कसा मोडला?” हा प्रश्न मला कुठल्याही टीकेत सापडला नसता. जो रोज उपाशी आहे त्याचा उपवास कसा असतो, हे त्या तासाला आम्ही अर्धा तास बोलत होतो.

याच आठवणीतला दुसरा प्रसंग वडिलांच्या मृत्यूचा आहे. जानेवारी १९४५ मध्ये कैद्यांना बर्फातून चालवत आणि उघड्या डब्यांतून जर्मनीतल्या बुखेनवाल्डच्या छावणीत नेले, आणि तिथे काही दिवसांत वडील गेले. ते मुलाचे नाव घेऊन हाक मारत होते आणि मुलगा मारहाणीच्या भीतीने जागचा हलला नाही. नंतर त्याला रडू आले नाही. आपण मोकळे झालो अशी एक भावना मनाच्या तळाशी आली, हे त्याने पुढे प्रामाणिकपणे लिहिले. निरागसता हरवणे म्हणजे काय, हे मला या प्रसंगाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसले नाही. मुलाने फक्त वाईट पाहिले एवढ्याने ती जात नाही. ते वाईट आपल्याही आत शिरले असे त्याला वाटू लागते तेव्हा ती जाते. वर्गात हे वाचताना मुलाने बरोबर केले की चूक, असा प्रश्न कृपा करून विचारू नये. तसा प्रश्न आला तर एवढेच म्हणावे की ज्यांनी बाप आणि लेक यांना त्या फळीवर आणून झोपवले, त्यांचा विचार आधी करू.

आणि इथे थांबू नये, कारण पुढची गोष्ट बहुतेक जण वगळतात. बुखेनवाल्डची सुटका ११ एप्रिल १९४५ रोजी झाली, तेव्हा तिथे हजाराच्या आसपास मुले जिवंत होती. त्यांतल्या चारशेहून अधिक मुलांना जून महिन्यात फ्रान्समध्ये एकुई येथे नेले गेले, आणि त्यांत वीझेलही होते. योम किप्पूरला जेवलेला हा मुलगा तिथल्या बालगृहात पुन्हा प्रार्थना करू लागला आणि तालमूद मागू लागला. आयुष्यभर तो देवाशी भांडत राहिला, आणि भांडत असतानाच प्रार्थना करत राहिला. १९८६ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, आणि १९९७ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांनी देवाला उद्देशून एक प्रार्थना लिहिली, तिच्यात समेटाची भाषा होती. तेव्हा ‘श्रद्धा गेली’ असे एका ओळीत लिहून मोकळे होता येत नाही. विठ्ठलाशी भांडणारे अभंग आपल्या मुलांनी ऐकलेले असतात. त्यामुळे रुसण्याची ही रीत त्यांना अपरिचित नसते. तरीही दोन्ही एकच आहे असे म्हणू नये. संत रुसतो तेव्हा त्याला दार उघडेल याची खात्री असते.

दुसरी आठवण यिस्राएल मेइर लाऊ यांची. हा मुलगा बुखेनवाल्डच्या सुटकेच्या वेळी आठ वर्षांचाही नव्हता. वडील पोलंडमधील पिओत्रकूव गावचे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू; त्यांना त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत मारले गेले. आईदेखील वाचली नाही. मोठ्या भावाने त्याला लपवून-छपवून जगवले. अमेरिकी सैन्यातले रब्बी हर्शेल शाख्टर यांना तो प्रेतांच्या राशीजवळ सापडला. त्यांनी त्याला उचलून घेतले, हसत आणि रडत वय विचारले. मुलाने उत्तर दिले की मी तुमच्यापेक्षा मोठा आहे, कारण तुम्ही लहान मुलासारखे हसता आणि रडता, मी तर कधीपासून हसलो नाही आणि आता रडतही नाही. हाच मुलगा पुढे १९९३ ते २००३ या काळात इस्राएलचा मुख्य रब्बी होता. हा भाग वाचण्याचा उद्देश श्रद्धा शेवटी जिंकली असे दाखवणे हा नाही. एकाच छावणीतून निघालेली, एकाच गाडीने फ्रान्सला गेलेली मुले वेगवेगळ्या वाटांनी गेली, एवढेच वर्गाला दिसावे.

तिसरी आठवण सौल फ्रीडलेंडर यांची, आणि तिला थोडाच वेळ पुरतो. १९३२ साली प्राग येथे जन्मलेल्या या मुलाला आईवडिलांनी फ्रान्समधील कॅथलिक निवासी शाळेत लपवले. तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला, नाव बदलले, आणि मोठेपणी पाद्री होण्याची इच्छाही त्याच्या मनात मुळावली. आईवडील स्वित्झर्लंडच्या सीमेवरून परत पाठवले गेले आणि आउश्वित्झला नेले गेले. युद्ध संपल्यावर एका जेझुइट पाद्रीनेच त्याला यहुद्यांवर काय गुदरले ते सांगितले, आणि त्याने आपले मूळ नाव पुन्हा घेतले. पुढे ते या संहाराचे मोठे इतिहासकार झाले. ज्या श्रद्धेने मुलाला वाचवले तीही त्याला सोडावी लागली, हा गुंता आमच्या मुलांना बरोबर कळतो. आजोळी वाढलेली मुले तर फार शांतपणे ऐकतात.

तीन तासिका

पहिल्या तासिकेत छावणी आणूच नये. ती मुले आधी कशी जगत होती, सणाला काय खात, कोणत्या खोड्या करत, कोणती प्रार्थना पाठ होती, एवढेच वाचावे. काय हरवले हे कळायला काय होते ते माहीत असावे लागते, आणि घाईत नेमका हाच भाग वगळला जातो. याच तासिकेत मी यानुश कोर्चाक यांचा प्रसंग सांगते. पोलंडमधील वॉर्सा येथील घेट्टोत, म्हणजे यहुद्यांना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, त्यांचे अनाथालय होते, आणि १८ जुलै १९४२ रोजी तिथल्या मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. खिडकीपाशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी मुलाची ती गोष्ट आहे. पुढच्याच महिन्यात कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुले त्रेब्लिंकाला नेली गेली. ज्यांचे राष्ट्रगीत आपण कालच म्हटले त्यांचे नाटक त्या मुलांनी केले होते, हे ऐकल्यावर वर्ग ताठ बसतो. खिडकीचे दृश्य दोन मुलांकडून वाचून घ्यावे. अभिनय करू देऊ नये. छावणीतल्या प्रसंगांची नाट्यछटा तर कधीच करू नये. ‘तू कैदी, तू शिपाई’ असा खेळ म्हणजे मेलेल्यांचा अपमान आहे आणि जिवंत मुलांना इजा.

दुसऱ्या तासिकेत निवडलेले उतारे वाचावेत. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गात हजेरी कमी असते, म्हणून मी बुधवार टाळते, त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो. उतारा शिक्षकाने स्वतः वाचावा, आवाज न चढवता. छायाचित्र दाखवायचेच असेल तर युद्धापूर्वीच्या एखाद्या कुटुंबाचे दाखवावे. वाचून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नयेत. दोन मिनिटे शांत राहावे. ही दोन मिनिटे शिक्षकालाच सर्वांत जड जातात, आणि ती भरून काढण्यासाठीच आपण ‘देवाची इच्छा’ किंवा ‘शेवटी सत्याचाच विजय’ असे काहीबाही बोलून बसतो.

तिसरी तासिका ‘नंतर’ची. मुलांना वाटते की सुटका झाली म्हणजे गोष्ट संपली. ऑगस्ट १९४५ मध्ये सुमारे तीनशे मुलांना विमानाने इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवराकाठी नेले गेले. जेवणाच्या टेबलावर पाव आला की तो क्षणात नाहीसा होई, कारण मुले तो कपड्यांत, गादीखाली दडवून ठेवत. उद्या पुन्हा मिळेल यावर त्यांचा भरवसा नव्हता. फ्रान्सला नेलेल्या मुलांनी त्यांना दिलेले कामाम्बेर नावाचे चीज उग्र वासामुळे विषारी समजून फेकून दिले. मी या तासाला जवारीच्या भाकरीचा कुटका कागदात बांधून आणते आणि टेबलावर ठेवते. काही समजावत नाही. तासाच्या शेवटी तो कुणीतरी गादीखाली ठेवला तर तिसऱ्या दिवशी कसा होतो, एवढे विचारते. मुलांना माहीत असते: कडक होतो, मग बुरशी येते. “तरी ठेवला त्याईनं,” असे एका मुलाने हळूच म्हटले होते.

जे प्रश्न येतातच

हिटलर शिस्तीचा होता, देशासाठी झटला, असे म्हणणारा एखादा मुलगा दरवर्षी असतो. त्याचे आत्मचरित्र मराठीत बसस्थानकावरच्या दुकानांतही मिळते. त्या मुलाला झापू नये. लाऊ यांचे उत्तर त्यालाच मोठ्याने वाचायला द्यावे. स्वस्तिकाविषयीही विचारले जाते. नाझी पक्षाने १९२० साली ते चिन्ह घेतले, आपल्या उंबरठ्यावर ते त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पण छावण्यांतून वाचलेल्या मुलांना ते पाहून काय आठवते हे आपण लक्षात ठेवावे, इतके उत्तर पुरते.

यहुदी लढले का नाहीत, हा प्रश्न मात्र वेळ घेऊन हाताळावा. ते लढले: वॉर्सा घेट्टोत एप्रिल १९४३ मध्ये उठाव झाला, आणि ७ ऑक्टोबर १९४४ रोजी आउश्वित्झच्याच बिर्केनाऊ या भागात प्रेते जाळण्याच्या कामावर जुंपलेल्या कैद्यांनीही बंड केले. आपल्या विदर्भाचा या प्रश्नाशी एक थेट संबंध आहे. गांधीजींचा मुक्काम वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला असण्याच्या काळात, २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये त्यांचा लेख आला आणि त्यात त्यांनी जर्मनीतील यहुद्यांना अहिंसक सत्याग्रहाचा सल्ला दिला. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये जेरुसलेमहून त्यांना सविस्तर पत्र लिहिले आणि हा सल्ला तिथल्या परिस्थितीला का लागू पडत नाही ते मांडले. गांधीजींविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, आणि तरीही या बाबतीत बूबर यांचे म्हणणे मला पटते. हे मी मुलांना सांगते. आपण ज्यांना मानतो त्यांच्याशीही असहमत होता येते, हे दहाव्या वर्गातल्या मुलाने ऐकलेले बरे.

मग तो प्रश्न येतोच: “मॅडम, मंग त्याईचा देव काऊन नाई आला?” इथे शिक्षकाने देवाचे वकीलपत्र घेऊ नये, आणि देव नाहीच असा निकालही देऊ नये. खेड्यातली मुले सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत बसतात, शेगावच्या वारीला जातात, नवबौद्ध घरांतली मुले वेगळे ऐकून आलेली असतात, मुस्लिम मुले वेगळे. यांपैकी कुणाचेही घर आपण वर्गात मोडू नये. वाचलेल्या मुलांनी स्वतः काय काय उत्तरे दिली तेवढे सांगावे: कुणी म्हणाले देव नाही, कुणी म्हणाले आहे पण मी त्याच्याशी बोलणार नाही, कुणी प्रार्थना सोडली नाही, आणि कुणी प्रश्नच बाजूला ठेवून मेलेल्या आईसाठी कादिश म्हटले. कादिश ही मृतांसाठी म्हणायची प्रार्थना, पण तिच्यात मृत्यूचा शब्दही नाही, फक्त देवाची स्तुती आहे. ती म्हणताना या मुलांच्या मनात काय चालले असेल, हे मुलांवर सोडावे. मला माहीत नाही, असे शिक्षकाने म्हटले तर चालते. मी म्हणते.

ज्याच्या घरात दुःख ताजे आहे

आमच्या भागात बापाने जीव दिलेले मूल बहुतेक प्रत्येक वर्गात असते. या तासिकांत काय वाचणार आहोत ते अशा मुलाला आधीच्या आठवड्यात एकटे गाठून सांगावे, आणि वर्गात न बसण्याची मोकळीक द्यावी. ती देताना ग्रंथालयात काहीतरी खरे काम द्यावे, म्हणजे बाकीच्यांच्या नजरा वळत नाहीत. शेतकऱ्याची आत्महत्या आणि हा संहार यांची तुलना करू नये. एकीकडे राज्ययंत्रणेने एका समाजाला मुलाबाळांसकट संपवायचे ठरवले होते. दुसरीकडे कर्ज, पाऊस, भाव आणि एकटेपणा आहे. दोन्ही एका मापात घातले तर दोन्हींचे खरे रूप नाहीसे होते. पण मूल स्वतःहून तो धागा जोडू लागले तर तोडूही नये, ऐकून घ्यावे. मूल जेवत नाही, झोपत नाही, मरणाचे बोलते असे दिसले तर घरच्यांशी बोलावे आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ किंवा मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक त्यांच्या हाती द्यावा; दोन्हींवरचा फोन मोफत असतो. हे क्रमांक माझ्या टेबलाच्या काचेखाली वर्षभर असतात.

शेवटी लिहून घ्यायचे ते अर्धे पानच. ‘मी छावणीत असतो तर’ असा विषय देऊ नये, कारण ते आपल्याला माहीत असण्याचे कारण नाही आणि तसे लिहिणे खोटे होते. त्याऐवजी आखलेल्या तीन रकान्यांपैकी एक निवडून, त्या मुलाचे काय आणि कोणत्या क्षणी मोडले, एवढे लिहायला सांगावे. गुण देऊ नयेत, शुद्धलेखन तपासू नये, वाचून दाखवायला लावू नये. एखादी वही कोरी परत येते. सुरुवातीला वर्णन केलेला मुलगा दुसऱ्या वर्षी दहाव्या वर्गात त्याच बाकावर बसत होता. त्याने ‘भरवसा’ एवढा एक शब्द वर लिहिला होता आणि खाली काही नव्हते. मी तारीख टाकली, सही केली आणि वही त्याच्या हातात दिली.